न्यायाधीशाच्या पगाराची किल्ली कोणाकडे?

पालघर आणि बोईसर ह्यांच्या मध्ये उमरोळी हे लहानसे स्टेशन आहे. गेल्या पावसाळ्यात विरारकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत आम्ही तेथील फलाटावर बसलो असता शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. पूर्वेकडच्या एका गावातील त्याची थोडी भातजमीन महामार्गात गेली होती. मोबदला अपुरा मिळाला ह्या तक्रारीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो कचेऱ्या हिंडत होता. आमचा काळा कोट पाहून तो म्हणाला, "वकीलसाहेब, माझी केस ज्याच्यापुढे जाणार त्या न्यायाधीशाला पगार कोण देतो?" आम्ही म्हणालो, "सरकार." "आणि माझी तक्रार कोणावर?" ह्यालाही उत्तर तेच होते. म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. "बरं" इतकेच म्हणाला आणि पिशवीची गाठ पुन्हा बांधू लागला.

आम्ही त्याची समजूत घातली, की न्यायाधीश पगाराकडे पाहून निकाल देत नसतो. त्याचे समाधान झाले असेल. आमचे मात्र झाले नाही. ह्या जिल्ह्यात सरकार हाच मोठा प्रतिवादी आहे. मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वे येथून जाणार व तिचे एक स्टेशन बोईसरला होणार. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग येथूनच. वडोदऱ्याचा द्रुतगती महामार्ग येथूनच. आणि वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. त्यापूर्वी तारापूरच्या अणुवीज प्रकल्पासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा मुलखात न्यायाधीशाचा पगार कोणाच्या हाती, हा प्रश्न पुस्तकी पंडितांचा नव्हे. तो रयतेचा आहे.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्याच व्यवहारातले उदाहरण घेऊ. दोन पेढ्यांत हिशेबाचा तंटा पडला आणि पंच म्हणून एका पेढीवरचा मुनीमच बसला, तर ही गोष्ट बाजारात कोणी चालवून घेईल काय? मुनीम सचोटीचा असेल. तथापि दुसरा पक्ष म्हणेल की ह्याच्या मनात काय आहे ते मला दिसत नाही, ह्याचा धनी कोण ते मात्र दिसते. आता राज्यकारभारात न्यायाधीशास पगार देणारा सरकारवाचून दुसरा कोणी असू शकत नाही, आणि पक्षकारांनी द्यावा असे म्हणणे तर अनर्थावह होय. तेव्हा पैसा कोण देतो ह्यापाशी न थांबता, दिलेला पैसा कमी करण्याची सत्ता कोणाच्या हाती आहे हे पाहावयाचे. इंग्रजांनी १७०१ साली न्यायाधीशांचे वेतन निश्चित असावे असा कायदा केला तो एवढ्यासाठीच. अमेरिकेतील वसाहतींनी १७७६ मध्ये राजाविरुद्ध गाऱ्हाण्यांची जी यादी जाहीर केली तीत, न्यायाधीशांची नोकरी आणि पगार राजाने आपल्या मर्जीवर ठेवले, हे एक गाऱ्हाणे होते. आणि पुढे स्वतःची राज्यघटना करताना, न्यायाधीश पदावर असेतोवर त्याचे वेतन घटविता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. ज्याच्या हाती माणसाचे पोट त्याच्या हाती त्याची इच्छाही जाते, असा युक्तिवाद हॅमिल्टनने त्या वेळी केला होता. आपल्याकडच्या कोणत्याही कुळाला तो समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या घटनेत काय आहे ते पाहू. कारण येथे एक अशी फट आहे की जिच्याकडे वकीलवर्गाचेही लक्ष क्वचित जाते.

पारतंत्र्यातला १९३५ चा कायदा घ्या. त्यात फेडरल कोर्टाच्या व उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांबद्दल असे परंतुक होते की नेमणूक झाल्यानंतर न्यायाधीशाचे वेतन, त्याची रजा किंवा त्याचे निवृत्तिवेतन ह्यांत त्याला अहितकारक असा फरक करता येणार नाही. वेतन हा शब्द तेथे ठसठशीत होता. १९५० साली आपण आपली घटना केली तेव्हा वेतनाचे आकडेच दुसऱ्या अनुसूचीत लिहिले: भारताच्या सरन्यायाधीशास दरमहा ५००० रुपये, सर्वोच्च न्यायालयाच्या इतर न्यायाधीशांस ४०००, उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशास ४००० व इतरांस ३५००. आकडा घटनेतच कोरलेला असल्यामुळे तो बदलावयाचा तर घटनादुरुस्ती करावी लागे. म्हणून अनुच्छेद १२५ व २२१ ह्यांच्या परंतुकांत विशेषाधिकार, भत्ते, रजा आणि निवृत्तिवेतन एवढ्यांचेच संरक्षण लिहिले गेले. वेतनाला वेगळे कुलूप लावण्याची गरज नव्हती, कारण ते तिजोरीतच होते.

घटनाकारांचा विवेक केवढा होता हे आणखी एका गोष्टीवरून दिसते. मुंबईच्या उच्च न्यायालयातील न्यायाधीशास १९५० पूर्वी ४००० रुपये मिळत, ते नव्या अनुसूचीने ३५०० झाले. गरीब देशाने मोठे पगार कमी करावे हे योग्यच होते. परंतु जे न्यायाधीश त्या वेळी पदावर बसलेले होते त्यांस फरकाची रक्कम विशेष वेतन म्हणून देण्याची तरतूद त्याच अनुसूचीत केली गेली. म्हणजे काटकसर करावयाची ती पदाची, पदावर बसलेल्या माणसाची नव्हे. नवा येईल तो कमी पगार माहीत असून येईल. जुन्याचा मात्र मध्येच हात आखडावयाचा नाही. ही बारीक रेषा त्यांनी ओळखली होती.

तिजोरीतल्या वस्तूचीही मात्र झीज होते. १९५० चा ३५०० रुपयांचा आकडा १९८६ पर्यंत तसाच राहिला! छत्तीस वर्षांत धान्याचे, कापडाचे, घरभाड्याचे भाव कोठून कोठे गेले हे दुकानदारांस सांगावयास नको. कोणीही कात्री न लावता न्यायाधीशाचा पगार कापला गेला, आणि तो कापणारी महागाई कोणत्याही परंतुकाला भीक घालीत नव्हती. मुंबईतील चांगली वकिली सोडून न्यायासनावर यावयास कर्तबगार माणसे कचरू लागली त्याचे हे एक कारण होय. अखेर १९८६ साली चोपन्नावी घटनादुरुस्ती झाली. वेतने १०,०००, ९००० व ८००० अशी वाढली आणि यापुढे ती संसदेने साध्या कायद्याने ठरवावी असे झाले. वाढ न्याय्य होती व पद्धतही सोयीची होती. त्याप्रमाणे पुढे १९९८, २००९ आणि २०१८ साली कायदे होऊन आज सरन्यायाधीशास २,८०,००० रुपये, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास व उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशास २,५०,००० आणि उच्च न्यायालयाच्या इतर न्यायाधीशांस २,२५,००० रुपये मूळ वेतन आहे. परंतु वेतन तिजोरीतून बाहेर काढताना त्याला बाहेर कुलूप लावावयाचे राहून गेले. परंतुकात भत्ते आहेत, रजा आहे, निवृत्तिवेतन आहे. वेतन हा शब्द नाही.

हे अनवधान असेल असे आम्ही मानतो. हेतूचा आरोप करीत नाही. पण ह्याच घटनेच्या अनुच्छेद १४८ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकाचे वेतन संसदेने ठरवावे असे सांगून लगेच पुढे, नेमणुकीनंतर त्याचे वेतन त्याला अहितकारक रीतीने बदलू नये असे स्पष्ट म्हटले आहे. राष्ट्रपती आणि राज्यपाल ह्यांची वित्तलब्धी त्यांच्या पदावधीत कमी होऊ शकत नाही असेही लिहिलेले आहे. म्हणजे सरकारचा हिशेब तपासणाऱ्याच्या पगाराला कुलूप आहे, आणि सरकारच्या कृत्यांचा न्याय करणाऱ्याचा पगार त्या बाबतीत उघडा आहे. कोणी म्हणेल, न्यायाधीशांचे वेतन संचित निधीवर भारित आहे, त्यावर मतदान होत नाही. खरे आहे, परंतु भारित असणे म्हणजे ठरलेली रक्कम मतदानावाचून मिळणे. रक्कम किती हे ठरविणारा कायदा बदलला की भारही हलका होतो. कोणी म्हणेल, असा कायदा झालाच तर न्यायालये तो घटनेच्या मूलभूत चौकटीस बाधक म्हणून रद्द करतील. कदाचित करतील. पण मग न्यायाधीशांनी आपल्याच पगाराच्या दाव्यात आपणच निकाल द्यावयाचा, ही स्थिती त्यांच्या शोभेची आहे काय? जे एका शब्दाने साधते त्यासाठी त्यांस त्या लाजिरवाण्या जागी का बसवावे?

येथे रोखठोक बोलणारा वाचक म्हणेल, की दुकानात मंदी आली म्हणजे माझे उत्पन्न कोणती घटना वाचविते? सव्वादोन लाख घेणाऱ्याने दुष्काळात चार पैसे सोडले तर काय बिघडले? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. ३१ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या संकटात महाराष्ट्राचे तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार ह्यांनी जाहीर केले, की लोकप्रतिनिधींचे मार्चचे वेतन ६० टक्क्यांनी, पहिल्या दोन वर्गांतील अधिकाऱ्यांचे ५० टक्क्यांनी आणि तिसऱ्या वर्गातील नोकरांचे २५ टक्क्यांनी कापले जाईल. मागाहून ती रक्कम टप्प्याने देण्याचे ठरले. त्याच एप्रिलात संसद सदस्यांचे वेतन वर्षभरासाठी ३० टक्क्यांनी घटविणारा वटहुकूम निघाला. देश असा पोळला असता न्यायाधीशाने तेवढे सुरक्षित राहावे, असे आमचे म्हणणे नाही.

इंग्लंडात १९३१ साली नेमका हाच तंटा झाला. मंदीमुळे केलेल्या काटकसरीच्या कायद्याखाली तेथील वरिष्ठ न्यायाधीशांचे वेतन २० टक्क्यांनी कापले गेले. न्यायाधीशांनी पंतप्रधानांस निवेदन धाडले, की आम्ही सरकारचे नोकर नव्हे, आम्हांस नोकरांच्या रांगेत बसवू नका. त्यांचे तत्त्व बरोबर होते. परंतु लाखो कामगार बेकार असताना ते ऐकावयास कोणाला गोड वाटणार? आयर्लंडने अधिक शहाणपण दाखविले. तेथील घटनेत न्यायाधीशाचा पगार पदावर असेतोवर कमी करता येणार नाही असे होते. २००९ मध्ये सर्व सरकारी नोकरांवर निवृत्तिवेतनाची पट्टी बसली, पण घटनेमुळे न्यायाधीशांवर ती बसविता येईना. काहींनी स्वखुशीने पैसे भरले, काहींनी नाही, आणि लोकांत कुरकूर सुरू झाली. तेव्हा ऑक्टोबर २०११ मध्ये लोकमत घेऊन सुमारे ८० टक्के बहुमताने घटना दुरुस्त झाली: इतर सार्वजनिक सेवकांचे वेतन सार्वजनिक हितासाठी कायद्याने कमी होत असेल तर त्याच प्रमाणात न्यायाधीशांचेही कमी करता यावे. ह्याचे मर्म लक्षात घ्यावे. सर्वांवर पडणारा पाऊस न्यायाधीशावरही पडू द्यावा. त्याच्या एकट्याच्या छपराची कौले मात्र कोणी काढू नयेत.

आपल्याकडे ह्याच्या उलट अवस्था आहे. घटनेच्या अनुच्छेद ३६० प्रमाणे आर्थिक आणीबाणी पुकारली गेल्यास सर्व अथवा कोणत्याही वर्गाच्या सेवकांचे वेतन घटविण्याचे निदेश राष्ट्रपतींस देता येतात, आणि त्यात सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे न्यायाधीश नावाने अंतर्भूत आहेत. ही आणीबाणी आजवर कधी पुकारली गेलेली नाही. पण शब्द पाहा: 'सर्व अथवा कोणत्याही वर्गाच्या'. म्हणजे न्यायाधीशांचाच तेवढा वर्ग निवडता येईल, आणि तोही कायद्याने नव्हे, कार्यकारी हुकमाने. आम्हांस हरकत आहे ती ह्या 'अथवा' ह्या शब्दाला.

हा विषय निघाला की आमच्याकडे कोणीतरी रामशास्त्र्यांचे नाव घेतोच. नारायणरावाच्या खुनाचा शोध करून राघोबादादास तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा आणि लागलीच पुणे सोडून जाणारा न्यायाधीश, त्याला कोणत्या परंतुकाची गरज होती? रामशास्त्री प्रभुण्यांविषयी आमचा आदर कोणाहून कमी नाही. परंतु त्या गोष्टीचा शेवट नीट पाहा. न्यायाधीश बोलला, आणि न्यायासन रिकामे झाले. पुढे नाना फडणिसांच्या कारभारात शास्त्रीबुवा परत आले हे पुण्याचे भाग्य. पण मधल्या काळात ज्यांचे दावे पडून राहिले त्यांचे काय? घटना लिहावयाची असते ती सामान्य माणसासाठी. मुलीचे लग्न, घराचे कर्ज आणि म्हाताऱ्या आईचे औषध ज्याच्या मागे आहे अशा प्रामाणिक, पण रामशास्त्री नसलेल्या न्यायाधीशासाठी. त्याने खरे बोलावे आणि जागेवरही राहावे, एवढी सोय आपणांस करावयाची आहे.

आणि सत्ताधीशास न्यायाधीश कसा हवा असतो, ह्याचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. १८२८ साली पुण्याच्या मोरो रघुनाथ नावाच्या मुलास न्यायालयापुढे हजर करण्याचा हुकूम मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टाने काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनी तो बजावू दिला नाही. कोर्टाचे इतर दोन न्यायाधीश त्या सुमारास मरण पावले असल्याने सर जॉन पीटर ग्रँट हे एकटे उरले होते. त्यांनी १८२९ मध्ये कोर्टच बंद केले! अधिकाराच्या मुद्द्यावर प्रिव्ही कौन्सिलने पुढे ग्रँटच्या विरुद्ध मत दिले, हेही सांगितले पाहिजे. पण त्याच वेळी विलायतेतून लॉर्ड एलेनबरो ह्यांनी माल्कमना लिहिले, की दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये एक रानहत्ती चालवावा तसे आता ग्रँटच्या दोहों बाजूंस नवे न्यायाधीश येत आहेत. ते पत्र फुटले आणि फार बोभाटा झाला. हत्ती माणसाळविण्याचे दोर पुष्कळ असतात: बदली, बढती, निवृत्तीनंतरची जागा. पगार हा त्यांतला सर्वांत जुना.

ह्या दोराचा अगदी अलीकडचा अनुभव मुंबई उच्च न्यायालयानेच घेतला, आणि ते प्रकरण मुद्दाम येथे घेतो, कारण त्यात न्यायाधीश लोकप्रिय नव्हत्या. न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला फेब्रुवारी २०१९ मध्ये अतिरिक्त न्यायाधीश झाल्या. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठावर असता, बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याखाली कातडीस कातडी भिडल्यावाचून तो विशिष्ट गुन्हा होत नाही, असा निर्णय त्यांनी दिला. त्यावर देशभर क्षोभ उसळला व १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. तो निर्णय आमच्या मते चुकलेला होता. त्यांस कायम करण्याची शिफारस मागे घेतली गेली, मुदतवाढ एकच वर्षाची मिळाली, पुढे तीही नाही; आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. येथपर्यंत व्यवस्थेने आपले काम केले असे म्हणता येईल. परंतु २ नोव्हेंबर २०२२ च्या पत्राने त्यांस कळविण्यात आले, की तुम्ही उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या निवृत्तिवेतनास पात्र नाही.

त्या स्वतःच्याच न्यायालयात अर्जदार म्हणून उभ्या राहिल्या. मे २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई ह्यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने उच्च न्यायालयांच्या सर्व निवृत्त न्यायाधीशांस, मग ते अतिरिक्त म्हणून निवृत्त झालेले का असेनात, सारखेच निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे असे ठरविले. आणि १७ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द करून १४ फेब्रुवारी २०२२ पासून निवृत्तिवेतन, ६ टक्के व्याजासह, देण्याचा हुकूम केला. राजीनामा देणे हाही निवृत्तीचाच एक प्रकार, असा त्याचा आधार होता.

पुष्कळांस हे रुचले नाही. असा निर्णय देणाऱ्यास जनतेचा पैसा कशाला, असे आम्ही बाररूममध्येही ऐकले. आम्हांस वाटते, पगाराच्या संरक्षणाची खरी कसोटी येथेच आहे. आवडत्या न्यायाधीशाचा पगार कोण कापतो? चुकीचा निकाल अपिलात फिरवावा, अपात्र माणसास कायम करू नये. पण निकालाची किंमत म्हणून उदरनिर्वाहावर हात टाकण्याची वाट एकदा मोकळी झाली, की आज लोकक्षोभाने वापरलेली ती वाट उद्या मंत्रालय वापरील. आणि ज्या निकालामुळे मंत्रालय रागावते तो बहुधा उमरोळीच्या शेतकऱ्याच्या बाजूचा असतो.

आता खाली या. कारण वर वर्णिलेले सारे संरक्षण, ते फाटके असो की धड, उच्च न्यायालयाच्या पायरीशी संपते. पालघरच्या कोर्टात जो दिवाणी न्यायाधीश आमच्या पक्षकारांपुढे बसतो, किंवा जिल्हा न्यायाधीश जो अपील ऐकतो, त्याच्या वेतनाला घटनेत एकाही शब्दाचे संरक्षण नाही. त्याचे वेतन राज्य सरकारचे नियम ठरवितात. आणि ते संचित निधीवर भारितही नाही. शेकड्यांनी नव्याण्णव लोकांस जन्मात भेटणारा न्यायाधीश हाच! त्याच्यासाठी झगडा करावा लागला तो अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेला, आणि तोही सर्वोच्च न्यायालयात. १९९१ व १९९३ च्या निकालांत न्यायालयाने बजावले, की न्यायाधीश हे सचिवालयातील कारकून-अधिकाऱ्यांच्या मापाने मोजावयाचे नव्हेत. ते राज्याची सार्वभौम सत्ता चालवितात. न्यायमूर्ती शेट्टी ह्यांचा आयोग १९९६ मध्ये बसला, त्याच्या शिफारशी २००२ मध्ये मान्य झाल्या. दुसरा आयोग न्यायमूर्ती वेंकटराम रेड्डी ह्यांचा. १ जानेवारी २०१६ पासून लागू व्हावयाचे वेतन देण्याचा हुकूम २७ जुलै २०२२ रोजी झाला. साडेसहा वर्षे! आणि एवढे होऊनही थकबाकी न दिल्याबद्दल ऑगस्ट २०२४ मध्ये अनेक राज्यांच्या मुख्य सचिवांस सर्वोच्च न्यायालयाने समोर बोलाविले तेव्हा कोठे कागद हलले.

देणे नाकारावयाचे नाही, लांबवावयाचे. ही युक्ती आमच्या व्यापारी वाचकांस चांगली परिचित आहे. आंध्र प्रदेशात मार्च २०२० मध्ये सरकारने वेतन व निवृत्तिवेतन पुढे ढकलले, तेव्हा त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यास पुढे आल्या त्या एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश. उच्च न्यायालयाने १२ टक्के व्याज लावले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ६ टक्क्यांवर आणले, पण वेतन हे सेवकाचे न्याय्य येणे आहे, सरकारची कृपा नव्हे, हे तत्त्व कायम ठेवले. उशिरा दिलेल्या पैशाला व्याज लागते, एवढी गोष्ट सरकारास शिकविण्यास दिल्लीपर्यंत जावे लागले.

ह्याच विषयाच्या सुनावणीत जानेवारी २०२५ मध्ये न्यायमूर्तींनी उद्गार काढले, की काही काम न करणाऱ्यांस वाटण्यास राज्यांपाशी पैसा असतो आणि न्यायाधीशांच्या वेतनाची वेळ आली की तंगी आठवते. महिलांस द्यावयाच्या रकमांच्या योजनांचाही त्यात उल्लेख झाला. सरकारांच्या तंगीविषयीचा टोला बरोबर बसला, परंतु ही तुलना आम्हांस आवडली नाही. शेतावर व घरात दिवसभर राबणाऱ्या बाईला काम न करणारी म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही, आणि न्यायाधीशाचा पगार तिच्या दीड हजाराशी स्पर्धा करणारी वस्तू आहे असे दिसणे त्याहून वाईट. न्यायाधीशाच्या वेतनाचे समर्थन त्याच्या श्रमावरून किंवा मानावरून करावयाचे नाही. त्या बाईची जमीन उद्या सरकार घेईल तेव्हा तिचे ऐकणाराचा हात कोणी धरू नये, म्हणून ते करावयाचे.

तेव्हा आमची मागणी थोडी आहे. अनुच्छेद १२५ व २२१ ह्यांच्या परंतुकांत, महालेखापरीक्षकाच्या अनुच्छेदात आहे तसा 'वेतन' हा शब्द घालावा. त्याला आयर्लंडसारखी सूट असावी: राज्यातील सर्व वरिष्ठ सेवकांस व लोकप्रतिनिधींस लागू होणारी, मुदतबंद कपात कायद्याने झाली तर तेवढ्याच प्रमाणात न्यायाधीशांसही लागू व्हावी. अनुच्छेद ३६० मधून न्यायाधीशांचा स्वतंत्र वर्ग निवडण्याची मुभा काढावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, जिल्हा व दुय्यम न्यायाधीशांची वेतने राज्याच्या संचित निधीवर भारित करून त्यांच्यासाठीही तसेच परंतुक लिहावे. दर दहा-वीस वर्षांनी आयोग, मग दावा, मग थकबाकी, मग मुख्य सचिवांस समन्स, हा फेरा बंद व्हावा. वाढीचा प्रश्न वेगळा. ती किती व केव्हा, हे संसदेने व विधिमंडळाने खुशाल ठरवावे. महागाईने होणारी छुपी कपात थांबविण्यास ठरावीक मुदतीने फेरविचार व्हावा, एवढेच आम्ही म्हणू. वेतन वाढवून मागणारे न्यायाधीश आम्हांस नकोत, आणि ते कमी होईल म्हणून भिणारे त्याहून नकोत.

उमरोळीच्या त्या शेतकऱ्याचे प्रकरण अद्याप लवादापुढे आहे. महामार्गाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे तो लवादही केंद्र सरकारनेच नेमलेला असतो, हे त्याला फलाटावर सांगण्याचे आमच्या जिवावर आले. तेथून त्याची गाठ पडेल ती जिल्हा न्यायाधीशाशी. सरकारने नेमलेला अंमलदार नव्हे असा पहिला माणूस त्याला तेथे भेटेल. त्याचा पगार कोण देतो हे म्हाताऱ्यास आता ठाऊक आहे. तो कोण कमी करू शकतो, हे त्याने अजून विचारलेले नाही.